गिटारच्या तारेतून सनई: मिडी कंट्रोलर नेमकं काय पाठवतो आणि सॉफ्टवेअरमध्ये सूर का बिघडतो

सहावी_तार · मंगळवार पेठ, कोल्हापूर · शनिवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज बाहेर धो धो पाऊस आहे आणि कार्यक्रम रद्द झालाय, म्हणून बसलो.

मी चौदा वर्षं ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. लग्नं, गणपती, शाळांची गॅदरिंगं, राजारामपुरीतल्या मंडळांपासून आजरा-गडहिंग्लजपर्यंतचे स्टेज. आमच्या घरी सनई आहे, वडील वाजवायचे. कोमल निषादावरून षड्जावर येताना ते मध्ये जिथं रेंगाळायचे, ती जागा कीबोर्डच्या कुठल्याच पट्टीखाली नाही. गिटारच्या तारेवर मात्र ती आहे. तार ओढली की बोटाखाली ती जागा लागते. ते गेल्यापासून एकच ध्यास आहे: तार माझी आणि आवाज सनईचा, हे जमवायचं.

त्यासाठी गेल्या वर्षी जुना सहा तारांचा पिकअप (तारांची थरथर पकडणारा) आणि त्याचा कन्व्हर्टर (त्या थरथरीचे मिडी संदेश करणारा) घेतला. पहिले दोन महिने इतका त्रास झाला की विकायला काढणार होतो. दोष यंत्राचा नव्हता, सेटिंगचा होता. तोच त्रास इतरांना होऊ नये म्हणून हा धागा.

आधी मुळातली गोष्ट. मिडी म्हणजे वाद्यं आणि संगणक एकमेकांशी बोलतात ती भाषा, तिच्या केबलमधून आवाज जात नाही. आपल्याकडच्या ऑक्टोपॅडवाल्यांना हे लगेच पटेल. पॅडवर काठी पडली की पॅड एवढंच सांगतो: अमुक नंबर, अमुक जोरात. ढोलकी वाजवायची की टिंबाली, ते पलीकडचं यंत्र ठरवतं. गिटारचंही तसंच. 'नोट ऑन', सुराचा क्रमांक, किती जोरात. आणि सुटली की 'नोट ऑफ'. सूर ० ते १२७, जोर म्हणजे व्हेलॉसिटी १ ते १२७, आणि एका केबलमध्ये १६ चॅनेल. संगणकातलं सॉफ्टवेअर हे वाचतं आणि सनई, व्हायोलिन, जे लावलं असेल ते वाजवतं.

ही भाषा १९८३ ची. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६ हे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड एका केबलनं जोडून दाखवले. म्हणजे मिडी जन्मला कीबोर्डवाल्यांच्या घरात. कीबोर्डची पट्टी म्हणजे स्विच आहे. दाबली की कुठला सूर ते त्याच क्षणी ठरलेलं. गिटारची तार स्विच नाही. ती थरथरते, आणि त्या थरथरीवरून सूर कुठला ते ओळखावं लागतं. सगळं दुखणं या 'ओळखावं लागतं' मध्ये आहे.

त्यावर तीन वाटा निघाल्या. एक, तारच ऐकायची. पुलाजवळ, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीजवळ, सहा तारांना सहा वेगळे छोटे पिकअप, प्रत्येक तारेचा सिग्नल स्वतंत्र, तेरा पिनांच्या केबलनं कन्व्हर्टरकडे. रोलँड कंपनीचं गिटार सिंथ, म्हणजे गिटारनं वाजवायचा सिंथेसायझर, १९७७ पासून आहे, म्हणजे मिडीच्याही आधीपासून. मिडी नंतर त्याला येऊन मिळाला. दुसरी वाट, तार ऐकायचीच नाही. बोट कुठल्या फ्रेटवर आहे ते स्विचनं किंवा विजेच्या स्पर्शानं ओळखायचं, आणि उजव्या हाताला छोट्या तारांचे तुकडे फक्त 'छेडलं' हे सांगायला. ऐंशीच्या दशकातलं इंग्लंडचं सिंथॅक्स या जातीचं, गिटारवादक ॲलन होल्ड्सवर्थ ते वाजवायचे. तिसरी वाट नवी: साधी इलेक्ट्रिक गिटार, साधा पिकअप, आणि ओळखायचं सगळं काम सॉफ्टवेअरचं. जॅम ओरिजिनचं मिडी गिटार हे त्यातलं गाजलेलं.

मी पहिल्या वाटेवर आहे, कारण मला माझी खरी तार ओढायची आहे. दुसऱ्या वाटेवरची यंत्रं झटपट असतात, पण बहुतेकांवर तार खरोखर ओढली जात नाही, मींड कळ किंवा दांडा दाबून आणावी लागते.

आता हे जवळून बघा. सॉफ्टवेअरमध्ये मिडी मॉनिटर, म्हणजे येणारे संदेश दाखवणारी खिडकी, उघडा आणि सहावी तार एकदाच छेडा. माझ्याकडे पहिल्या दिवशी हे दिसलं:

नोट ऑन, चॅनेल ६, नोट ४०, व्हेलॉसिटी ९१
पिच बेंड, चॅनेल ६, ८२६०
नोट ऑन, चॅनेल ६, नोट ५२, व्हेलॉसिटी १८
नोट ऑफ, चॅनेल ६, नोट ५२
नोट ऑफ, चॅनेल ६, नोट ४०

४० म्हणजे खालचा ई, बरोबर. बेंड म्हणजे सूर किती वाकला त्याचा आकडा, ८१९२ हा त्याचा मध्य. जोरात छेडल्यावर तार क्षणभर चढते, ते ८२६० नं सांगितलं. पण ५२ मी वाजवलेलाच नाही! तो वरच्या सप्तकातला ई. तारेतच तो सूर दडलेला असतो, आणि मूळ सूर ओसरताना यंत्राला तो वेगळा सूर वाटला. यालाच घोस्ट नोट म्हणतात. सनईच्या आवाजात ती मध्येच चिरकल्यासारखी ऐकू येते.

मॉनिटर बघायला शिकलात की निम्मं काम झालं. कानाला नुसतं 'काहीतरी चुकतंय' एवढंच कळतं. कुठल्या तारेचं, किती जोराचं, केव्हा, ते मॉनिटर सांगतो.

विचारा, जे माहीत आहे ते सांगतो.

---

उद्यमनगर_लेथ · शनिवार, रात्री ११:२५

फार मनापासून लिहिलंय. माझं काम लेथवरचं, पण इलेक्ट्रॉनिक्सचा नाद आहे, म्हणून 'ओळखावं लागतं' याचा हिशोब मांडतो.

सहावी तार सेकंदाला ८२.४ वेळा थरथरते. म्हणजे एका फेरीला १२ मिलिसेकंद. सूर ओळखायला निदान एक पूर्ण फेरी बघावी लागणार, खात्रीला दोन. झाले २४ मिलिसेकंद. शिवाय नखी तारेवरून सुटतानाचा पहिला खरखराट निरुपयोगी, तो वगळायचा. पहिली तार ३२९.६ वेळा, तिची फेरी ३ मिलिसेकंदांची, दोन फेऱ्या सहात संपल्या. म्हणून बारीक तार लगेच बोलते आणि जाड तार मागून येते. कितीही महागडं यंत्र आणा, एक फेरी पूर्ण व्हायच्या आत ती किती लांबीची ते कुणाला कळणार?

जुन्या पाच पिनांच्या मिडी केबलचाही वेळ आहे. वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एका नोटेला तीन बाइट, जवळपास १ मिलिसेकंद. सहा तारांची कॉर्ड मारली तर शेवटची नोट पहिलीनंतर ५ मिलिसेकंदांनी निघते. यूएसबीवर ही अडचण राहत नाही.

त्यावर संगणकाचा बफर, म्हणजे आवाज बाहेर सोडण्याआधी तो जेवढा साठवतो तेवढा तुकडा. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला ५१२ चा बफर म्हणजे ११.६ मिलिसेकंद, १२८ चा म्हणजे २.९. पुष्कळ जण विंडोजचा साधा ड्रायव्हर तसाच ठेवून 'गिटार उशिरा बोलते' म्हणतात. एएसआयओ (उशीर कमी करणारा) ड्रायव्हर लावा, बफर १२८ वर आणा, मगच यंत्राला नावं ठेवा.

---

सहावी_तार · शनिवार, रात्री ११:५०

@उद्यमनगर_लेथ, दादा, हा हिशोब मला वर्षभरापूर्वी कुणी सांगितला असता तर! यातूनच एक उपाय निघतो, तो मी रोज वापरतो. बेसचा आवाज हवा असेल तर जाड तारेवर वाजवू नका. सॉफ्टवेअरमध्ये तो आवाज एक किंवा दोन सप्तकं खाली ट्रान्सपोज करा आणि वरच्या तीन तारांवर वाजवा. सूर लगेच येतो.

---

काळी_दोन · रविवार, सकाळी ९:१०

मी बावीस वर्षं कीबोर्ड वाजवतो, ऑर्केस्ट्रातच. मनापासून विचारतो, वाईट वाटून घेऊ नका. एवढा खटाटोप कशाला? सनईचा टोन माझ्या कीबोर्डवर आहे. डाव्या हाताला पिच व्हील आहे, मींड त्यावर येते. उशीर नाही, घोस्ट नोट नाही. मंडपात लोकांना फरक कळतो का?

---

सहावी_तार · रविवार, सकाळी ९:५५

@काळी_दोन, वाईट कशाचं वाटायचं, प्रश्न रास्त आहे. आणि पियानो किंवा ऑर्गन वाजवायचा असेल तर तुमचंच बरोबर, मीही त्यासाठी गिटार घेऊन बसत नाही.

फरक एका जागी आहे. व्हील फिरवलं की त्या चॅनेलवरचे सगळे सूर एकदम वाकतात. तुम्ही एका बोटानं षड्ज धरलाय आणि दुसऱ्यानं निषादावरून वर येताय, तर व्हीलबरोबर षड्जही हलणार. सनईच्या जोडीला कायम एक सूर धरणारा बसतो. त्याचा सूर हलला तर उरलं काय? गिटारवर प्रत्येक तार वेगळ्या चॅनेलवर जाते. चौथी तार षड्ज धरून स्थिर, दुसऱ्या तारेवर मी ओढतोय, आणि वाकतोय फक्त तोच सूर. ही सोय मिडीत सुरुवातीपासून आहे, मोनो मोड म्हणून, आणि गिटारवाल्यांनी ती आधीपासून वापरली. कीबोर्डकडे ती रीतसर पोचली २०१८ मध्ये, एमपीई नावानं. आता तसे कीबोर्ड मिळतात, ज्यांच्या एकेका पट्टीवर स्वतंत्र मींड येते.

मंडपातल्या लोकांना फरक कळतो का? मला कळतो. घरात वीस वर्षं ते ऐकलंय.

---

काळी_दोन · रविवार, सकाळी १०:२०

षड्जाचं पटलं. तो त्रास मला होतोच, म्हणून मी मींड घेताना खालचा सूर सोडून देतो. असं वेगळ्या चॅनेलवर असतं हे माहीत नव्हतं. वाचतोय.

---

हॉस्टेल_खोली · रविवार, दुपारी १:४०

मी विद्यापीठात शिकतो, होस्टेलवर राहतो. सेकंडहँड वायरलेस सहा तारांचा पिकअप घेतलाय, रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) आणि सर्ज एक्सटी (सॉफ्टवेअर सिंथेसायझर) वापरतो. अडचण अशी की एक तार ओढली तर सगळे सूर वाकतात. म्हणजे तुम्ही म्हणता तो फायदाच मिळत नाही. शिवाय एक पडदा, म्हणजे अर्धा स्वर, ओढला तर सूर कुठल्या कुठे जातो, पार बेसूर. गिटार नीट लागलेली आहे, ट्यूनर लावून तपासली.

---

सहावी_तार · रविवार, दुपारी ३:०५

@हॉस्टेल_खोली, हेच ते! यासाठीच धागा काढला. तुझ्याकडे दोन वेगळे बिघाड एकत्र आलेत.

पहिला, चॅनेलचा. रीपरमध्ये ट्रॅकच्या इनपुटला 'ऑल चॅनेल्स' निवड. खाली 'मॅप इनपुट टू चॅनेल' असा पर्याय आहे, तिथं चुकून एखादा आकडा निवडला असशील तर सहाही तारा एकाच चॅनेलवर ढकलल्या जातात. तिथं 'सोर्स चॅनेल' ठेव. मग सर्जमध्ये एमपीई चालू कर. आणि इथं एक खाच आहे, जिनं माझे तीन आठवडे खाल्ले. एमपीईमध्ये चॅनेल १ हा मुख्य चॅनेल असतो, त्यावर आलेला बेंड सगळ्या सुरांना लागू होतो. तुझ्या गिटारची पहिली तार चॅनेल १ वर असेल तर ती ओढली की सगळं घर हलणार. कन्व्हर्टरमध्ये बेस चॅनेल २ कर. तारा २ ते ७ वर जातील.

दुसरा बिघाड बेंडच्या पल्ल्याचा. नीट वाच, कारण माझ्या मते गिटार कंट्रोलर घेऊन कपाटात ठेवणाऱ्या बहुतेकांचं घोडं इथंच अडलेलं असतं.

बेंडचा संदेश ० ते १६,३८३ असा नुसता आकडा असतो. 'एक पडदा वर' असं त्यात कुठंच लिहिलेलं नसतं. तो आकडा किती पडद्यांचा धरायचा ते दोन्ही बाजूंनी आपापलं ठरवलेलं असतं. समज, गिटारनं पल्ला २ पडद्यांचा धरलाय आणि सॉफ्टवेअरनं १२ चा. तू सा वरून कोमल रे पर्यंत एक पडदा ओढलास. गिटार म्हणते, अर्ध्या वाटेवर आलो. सॉफ्टवेअर १२ ची अर्धी वाट काढतं, म्हणजे ६ पडदे. तू कोमल रे ओढलास आणि वाजला तीव्र मध्यम! उलटं असेल, म्हणजे गिटार १२ आणि सॉफ्टवेअर २, तर एक पडदा ओढूनही सूर त्याच्या सहाव्या हिश्शानेच चढतो, तार मेल्यासारखी वाटते.

मिडीत ठरलेला पल्ला २ चा असतो, एमपीईच्या तारांसाठी ४८ चा. तुझ्या सर्जमध्ये आत्ता ४८ असणार. दोन्हीकडे एकच आकडा घाल, मी १२ ठेवतो. १२ ठेवला तरी एका पडद्यात ६८२ पायऱ्या मिळतात, मींड कुठंही तुटत नाही.

हे करून बघ आणि इथं सांग. घाई नाही.

---

हॉस्टेल_खोली · रविवार, रात्री ८:३०

सर, सुटलं!! सर्जमध्ये ४८ च होते. बेस चॅनेलही १ होता. दोन्ही बदलले. आता खालची तार धरून वरच्या तारेवर मींड घेतली तर खालचा सूर जागचा हलत नाही. शेजारच्या खोलीतली मुलंही ऐकायला आली.

एक अजून. कधी कधी रीपर उघडल्यावर गिटार दिसतच नाही, 'पोर्ट उघडता येत नाही' म्हणतं.

---

उद्यमनगर_लेथ · रविवार, रात्री ८:४५

@हॉस्टेल_खोली, पिकअपबरोबर आलेलं सेटिंगचं सॉफ्टवेअर मागं उघडं राहिलं असेल. विंडोजवर बऱ्याच मिडी ड्रायव्हरना एका वेळी एकच प्रोग्रॅम चालतो, पहिल्यानं पोर्ट धरला की दुसऱ्याला मिळत नाही. ते बंद करून रीपर परत उघडा.

---

हिरवी_साडी_निळी_गिटार · सोमवार, दुपारी १२:१५

माझ्या मुलानं जुन्या बाजारातून खेळण्याची गिटार आणलीय, पाच रंगीत बटणं आणि मध्ये वर-खाली हलणारी पट्टी. व्हिडिओ गेमची आहे. त्याला वाटतंय त्यातून संगणकावर गाणी वाजवता येतील. उगीच आशा लावू का?

---

सहावी_तार · सोमवार, दुपारी २:००

ताई, आशा लावा, फक्त ती किती लावायची ते सांगतो. ती गिटार मिडी बोलत नाही, संगणकाला ती जॉयस्टिक वाटते. मध्ये एक छोटं सॉफ्टवेअर लागतं, जे 'बटण दोन दाबलं' याचं 'नोट ६२' असं भाषांतर करतं. अशी फुकट मिळतात. मग पाच बटणांना भूपाचे पाच सूर लावा: सा रे ग प ध. बटणं धरायची आणि पट्टी खाली मारायची. डावा हात सूर ठरवतो, उजवा हात तो वाजवतो, ही गिटारची मूळ सवय मुलाला त्यातून लागेल. ते काही थोडं नाही.

गेमच्या गिटारींत एक मात्र खरी मिडी होती. २०१० मध्ये रॉक बँड ३ बरोबर आलेली, सतरा फ्रेट गुणिले सहा, अशा १०२ बटणांची. तिला पाच पिनांचं मिडी आउटपुट होतं. जुन्या बाजारात कधी दिसली तर सोडू नका.

---

बेंजो_शाहूपुरी · सोमवार, रात्री ९:३०

दादा, नमस्कार. आमची बेंजो पार्टी हाय, मी बेंजोच वाजवतो. तुमचं ते 'डावा हात सूर ठरवतो, उजवा वाजवतो' वाचलं आणि उठूनच बसलो. आमच्या बेंजोत तेच की! डाव्या हातानं बटण दाबलं की पट्टी तारेवर बसती, उजव्या हातानं नखी मारायची. नुसतं बटण दाबून आवाज येत न्हाई. मग बेंजोला मिडी का करता येऊ नये? घरात एक जुना पडलाय, तारा गंजल्यात, पन बटणं ठणठणीत हाईत. त्यातनं सनई, क्लॅरोनेट निघालं तर पार्टीला लई उपयोग हुईल. क्लॅरोनेट वाजवणारी जुनी मानसं आता ऱ्हायली न्हाईत.

---

उद्यमनगर_लेथ · सोमवार, रात्री १०:१५

@बेंजो_शाहूपुरी, भावा, तू जे सांगितलंस ती हुबेहूब दुसरी वाट आहे. आणि तुझं वाद्य गिटारपेक्षा सोपं, कारण बटणं आधीच आहेत. सूर ओळखायचाच नाही, म्हणजे उशीरही नाही.

काय लागेल ते सांगतो. प्रत्येक बटणाखाली एक मायक्रोस्विच. वीस-पंचवीस बटणांना एकेक वायर ओढू नको, आडव्या-उभ्या जाळीत बसव, म्हणजे दहा वायरींत भागतं. प्रत्येक स्विचला एक ४१४८ डायोड घालायचाच, नाहीतर तीन बटणं एकत्र दाबली की चौथं न दाबताच लागतं. स्विच वाचून मिडी पाठवायला छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड लागतो, तो टीन्सी किंवा अर्डुइनो लिओनार्डो घे. साधा उनो घेऊ नको, तो यूएसबीवर संगणकाला आपण होऊन मिडी वाद्य म्हणून दिसत नाही.

उजव्या हाताला तारा ठेव, पण त्या सुरात लावायची गरज नाही. तारेच्या पुलाखाली एक पिएझो चकती चिकटव, घड्याळाच्या गजरात असते तसली. तिला एक मेगाओहमचा रेझिस्टर समांतर, आणि बोर्डाचा इनपुट जळू नये म्हणून व्होल्टेज अडवणारा डायोड. नखी बसली की चकतीतून उसळी येते, दोन-तीन मिलिसेकंदांत तिची सर्वांत उंच जागा मोजायची, तीच व्हेलॉसिटी. त्या क्षणी जे बटण दाबलेलं असेल, तो सूर.

स्विचची पट्टी मी लेथवर करून देतो. ॲल्युमिनियमची, बेंजोच्या मापाची. पैशाचं नंतर बघू.

---

तरफेची_तार · मंगळवार, सकाळी ७:५०

मी सतार वाजवते, मिरजेहून वाद्य आणलेलं. धागा आवडला. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. सतारीला असा पिकअप बसेल का? आणि तुम्ही सनई म्हणता, पण सनईत फुंक आहे. तार छेडली की सूर त्या क्षणापासून मरायला लागतो. सनईचा सूर मध्यावर फुलतो. ते कसं करता?

---

सहावी_तार · मंगळवार, रात्री ११:१०

@तरफेची_तार, दुसऱ्या प्रश्नानं काळजाला हात घातलात. आधी पहिल्याचं उत्तर देतो.

सतारीची बाजाची, म्हणजे मुख्य, तार एकटी पकडता आली तर सूर ओळखला जातो. पण जवारीमुळे, म्हणजे घोडीवर तार झणझणते त्यामुळे, तारेत वरचे स्वर इतके भरलेले असतात की घोस्ट नोट जास्त येणार. तरफा, म्हणजे खालच्या आपोआप गुंजणाऱ्या तारा, वाजत राहतात, त्याही पिकअपमध्ये शिरतात. शिवाय चुंबकाच्या पिकअपला पोलादी तार लागते, पितळेची त्याला ऐकूच येत नाही. आणि सतारीवर एका पडद्यावरून चार-पाच सूर ओढता, तिथं २ चा पल्ला पुरणार नाही, १२ चा घ्या. चांगल्या सतारीला भोकं पाडून काही बसवू नका, एवढी विनंती.

आता फुंकीचं. गिटारची तार मंद होत गेली की एका पातळीखाली कन्व्हर्टर 'नोट ऑफ' पाठवतो. सनई एकदम कापल्यासारखी थांबते. सुरुवातीला मला हे फार लागायचं. वडील सूर सोडताना तो हळूहळू काढून घ्यायचे, आणि इथं दार आपटल्यासारखा बंद.

मग पायाकडे वळलो. एक्स्प्रेशन पेडल, कंट्रोलर क्रमांक ११. त्याला जोडला सनईच्या आवाजाचा जोर. आणि सॉफ्टवेअरमध्ये व्हेलॉसिटीचा परिणाम जवळजवळ काढून टाकला. म्हणजे तार फक्त सांगते कुठला सूर आणि किती वाकलेला. फुंक पायात. छेडताना पेडल निम्म्यावर, सूर लागला की हळू पुढे, सोडताना तार मरायच्या आत पेडल मागे. मग 'नोट ऑफ' येतो तेव्हा आवाज आधीच गेलेला असतो, कापलेलं ऐकू येत नाही. पायाला हे शिकवायला मला पाच महिने लागले. रोज पहाटे नुसता एक सूर, फुलवायचा आणि काढून घ्यायचा. वडिलांचा रियाझही असाच सुरू व्हायचा, हे पेडलवर पाय ठेवल्यावर आठवलं.

हातालाही बदलावं लागलं. कन्व्हर्टरला स्वच्छ छेडलेली एकच तार हवी असते. ऑर्केस्ट्रातल्या सवयीनं मी शेजारच्या तारांना नखी घासून जायचो. गिटारच्या आवाजात ते शोभतं, इथं प्रत्येक घासण्याची एक घोस्ट नोट होते. आता डाव्या हाताची मोकळी बोटं न वाजणाऱ्या तारांवर हलकी टेकवून ठेवतो. पिकअप आणि तार यांच्यात, शेवटच्या फ्रेटवर तार दाबून, साधारण एक मिलिमीटर अंतर ठेवतो. प्रत्येक तारेची संवेदनशीलता वेगळी लावतो, सहावीची सगळ्यांत कमी. एवढं करूनही रेकॉर्डिंगमध्ये एखादी नोट राहतेच, ती मिडी एडिटरमध्ये दिसते: बुटकी, व्हेलॉसिटी वीसच्या खाली. निवडून पुसतो.

---

काळी_दोन · बुधवार, सकाळी ८:४०

पायात फुंक. हे मी माझ्या कीबोर्डवरही आजच करून बघणार.

स्टेजवर अडचण आली का कधी?

---

सहावी_तार · बुधवार, रात्री १०:००

आली. एका मंडळाच्या कार्यक्रमात सनईचा सूर लागलेला असताना यूएसबी केबल निसटली. 'नोट ऑन' पोचला होता, 'नोट ऑफ' वाटेतच राहिला. संगणकाला वाटलं सूर अजून धरलाय, आणि तो वाजतच राहिला. मी तारांवर हात ठेवतोय, पेडल मागे घेतोय, काही नाही. ढोलकीवाला थांबला, निवेदक माझ्याकडे बघत राहिला. त्या सुरात वडील ऐकू यायला हवे होते आणि तो असा आडवा-तिडवा पसरला, याचं फार वाईट वाटलं.

त्यानंतर दोन गोष्टी पक्क्या केल्या. केबल गिटारच्या पट्ट्याला दोन ठिकाणी बांधतो, ओढ बसली तरी तोंडाशी येत नाही. आणि 'सगळे सूर बंद' हा संदेश, कंट्रोलर १२३, लॅपटॉपच्या एका कळीवर ठेवलाय. पायाच्या स्विचवर ठेवला होता, पण तो स्विच कन्व्हर्टरलाच जोडलेला. केबलच निसटली तर त्याचाही संदेश पोचणार नाही. कळ संगणकावरच हवी.

---

बेंजो_शाहूपुरी · तीन आठवड्यांनी, रविवार, सकाळी ११:२०

दादा, भाऊ, बोर्ड बसला! लिओनार्डो घेतला. पट्टी भाऊंनी अशी करून दिली की बटण दाबायला पयल्यासारखंच लागतंय. काल रात्री पयल्यांदा क्लॅरोनेट निघालं. नखी हळू मारली की हळू, जोरात मारली की जोरात. पोरगं झोपलं हुतं ते उठून बसलं.

दोन अडचणी हाईत. एकदा नखी मारली की कधी कधी दोनदा वाजतंय. आणि कडंची चार बटणं अजून गप हाईत, मॉनिटरमधी कायच येत न्हाई.

---

उद्यमनगर_लेथ · रविवार, दुपारी १२:०५

दोनदा वाजतंय ते चकती थरथरत राहते म्हणून. एकदा उसळी आली की पुढचे तीस-चाळीस मिलिसेकंद तिच्याकडे बघायचंच नाही, असं प्रोग्रॅममध्ये घाल. त्यानं भागलं नाही तर चकतीखाली पातळ फोम लाव. चार बटणं एकाच ओळीतली असतील तर डायोड उलटे बसलेत, काळ्या पट्टीची बाजू तपास.

---

सहावी_तार · रविवार, दुपारी १२:३०

बेंजो घेऊन आज चारनंतर घरीच या. सोल्डरिंग गन माझ्याकडे आहे. पार्टीतली एखादी जुनी क्लॅरोनेटची कॅसेट असेल तर तीही आणा. मींड किती लांब घ्यायची ते त्यावरून ठरवू, आणि बेंजोच्या डाव्या कडेला मींडेसाठी एक दांडा कुठं बसतो तेही बघू.